वज्जींचा नगारा



विहारात धम्म सांगावा, राजकारण चावडीवर बोलावे, असे म्हणणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून तर हा प्रश्न हटकून येतो. वंदना शिकवा, परित्राण पाठ शिकवा, लग्नविधी आणि नामकरण बौद्ध पद्धतीने कसे करावे ते सांगा. पण कायदा, मतदान, कोर्टकचेरी ही भानगड विहारात कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणूनच आज तोच विषय घेतला आहे. लोकशाही राष्ट्रात माणसाच्या हक्काचे रक्षण कोण करतो? सरकार करते, न्यायालय करते, की आणखी कोणी करावे लागते?

हा प्रश्न तथागतांपुढेही आला होता. महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभच त्याने होतो. भगवंत राजगृहाला गृध्रकूट पर्वतावर असताना मगधाचा राजा अजातशत्रू याने आपला अमात्य वस्सकार याला त्यांच्याकडे धाडले. वज्जींवर स्वारी करून त्यांचा उच्छेद करावयाचा राजाचा मनसुबा होता. वज्जी म्हणजे वैशालीचे लोक. त्यांच्यावर एका राजाची सत्ता नव्हती. ते गणाने, सभेने कारभार करीत. भगवंतांनी अमात्याला सरळ उत्तर दिले नाही. मागे उभा राहून वारा घालणाऱ्या आनंदालाच ते विचारू लागले. आनंदा, वज्जी वारंवार एकत्र जमतात, असे तू ऐकले आहेस काय? ते एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात, आपली कामे एकोप्याने करतात काय? ठरलेले नियम मोडीत नाहीत, मनाला येईल तसा नवा नियम काढीत नाहीत, हे खरे काय? वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय? कुळातल्या स्त्रियांना आणि मुलींना कोणी बळजबरीने ओढून नेत नाही ना? असे सात प्रश्न झाले. सातांनाही आनंदाने होकार दिला. तेव्हा भगवंत म्हणाले की, हे सात धम्म जोवर वज्जींमध्ये आहेत तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही.

बंधूंनो, यात तटबंदी किती उंच आहे, हत्ती किती आहेत, कोठारात धान्य किती आहे, असा एकही प्रश्न नाही. लोक जमतात काय, नियम पाळतात काय, आणि दुबळ्यावर हात टाकला जातो काय, एवढेच भगवंतांनी विचारले. आता सांगा, हे राजकारण की धम्म?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. भिक्खुसंघात मतभेद झाला तर शलाका वाटून मत घेण्याची रीत होती. शलाका म्हणजे लाकडाच्या काड्या. आजच्या भाषेत मतपत्रिकाच म्हणा. चुल्लवग्गात तिचे नियम दिले आहेत. त्यांतला एक नियम मोठा विलक्षण आहे. शलाका गोळा करणाऱ्या भिक्खूला धम्माविरुद्ध बोलणाऱ्यांची संख्या जास्त झाल्याचे आढळले, तर मतदान नीट झाले नाही म्हणून त्याने ते रद्द समजावे! केवळ डोकी जास्त भरली म्हणून अधम्माचा धम्म होत नाही, हे संघाने मान्य केले होते. संघापुढे ठराव कसा मांडावा, मत कसे घ्यावे याचे नियम होते, आणि संसदीय पद्धत या देशाला अपरिचित नव्हती, हे परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीला आवर्जून सांगितले, ते उगाच नव्हे.

मूलभूत हक्क म्हणजे दुसरे काय? निवडणुकीत बहुमत मिळवलेल्या पक्षालाही ज्याला हात लावता येत नाही असा माणसाचा वाटा, त्याचे नाव हक्क. बाबासाहेबांना याची निकड इतरांपेक्षा जास्त होती. त्याचे कारण त्यांनी स्पष्ट मांडले आहे. राजकीय बहुमत हे घडते आणि मोडते. आज याचे, उद्या त्याचे. परंतु आपल्या देशात बहुमत जन्माने ठरलेले असते. जो जन्माने अल्पमतात आहे त्याने कितीही प्रचार केला तरी तो उद्या बहुमतात यायचा नाही. अशा माणसाला केवळ मताचा अधिकार पुरत नाही. त्याच्याभोवती कायद्याचे कुंपण लागते. म्हणून घटनेत अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले, आणि हे हक्क कोणी हिरावले तर थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क अनुच्छेद ३२ ने दिला. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले, आणि अकरा दिवसांनी, १० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. जगाने जे कागदावर आणले ते आपल्या बापाने आपल्यासाठी त्याच्या आधी कलमात बसवून ठेवले होते, याचा अभिमान आपल्या मुलाबाळांना वाटला पाहिजे.

पण कुंपण घातले म्हणून शेत राखले जाते काय? रानडुकराला कुंपण वाचता येत नाही. रात्री माळ्यावर कोणीतरी जागे असावे लागते.

महाडचीच हकीकत पाहा. आपण दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्याची आठवण काढतो, पण तळ्याची पूर्ण कथा घरात किती जणांना सांगता येईल? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा नव्हे, तर एस. के. म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव (हे नाव पुष्कळ जण चुकवतात) मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क मिळाला! कागद झाला, सही झाली, शिक्का झाला. आणि पाणी? तीन वर्षे त्या तळ्यावर आपल्यापैकी एकाला ओंजळभर पाणी पिता आले नाही. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा कुठे तो ठराव जिवंत झाला. लगेच परिषदेहून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, ते माणसाने प्यायल्याने बाटले! पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सनातन्यांनी दावा लावून सत्याग्रहाविरुद्ध मनाईहुकूम आणला.

बाबासाहेबांनी काय केले? जमलेला जनसमुदाय पेटलेला होता. एका शब्दाने तो तळ्यावर गेला असता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टात लढण्याचे ठरविले. ही लढाई दहा वर्षे चालली. महाडचे कोर्ट, ठाण्याचे कोर्ट, शेवटी मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. पण निकालाचा आधार काय होता तेही ध्यानात ठेवा. फिर्यादी म्हणत होते की, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे. ती तितकी जुनी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. माणूस म्हणून माणसाला पाण्याचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी त्या वेळच्या कायद्यात कलमच नव्हते. ती उणीव बाबासाहेबांनी पुढे घटनेत भरून काढली. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे घेऊन लिहिले आहे. घटनेसारख्या मोठ्या ग्रंथात विहीर आणि घाट कशाला आले, असे एखाद्या परदेशी पंडिताला वाटेल. आपल्याला वाटू नये.

आता धम्मदीक्षेनंतरची हकीकत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली. हा घटनेच्या अनुच्छेद २५ ने दिलेला हक्क होता. परंतु १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश असा होता की, अनुसूचित जातींच्या यादीतला माणूस हिंदू असेल तरच तो अनुसूचित. काही शीख जातींपुरता अपवाद होता, आणि १९५६ साली तो सर्व शिखांना लागू झाला. बौद्धांना नाही. म्हणजे एका हाताने घटना म्हणते, तुझ्या मनाला पटेल तो धर्म घे. आणि दुसऱ्या हाताने आदेश म्हणतो, घेतलास तर मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली जागा सोड. गावात मात्र कोणी त्याला सोडले नाही. पाटलाच्या विहिरीवर तो पूर्वीचाच राहिला, कचेरीत तेवढा तो बौद्ध झाला.

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा, १ मे १९६० पासून, राज्याच्या हातातल्या सवलती येथील बौद्धांना मिळाल्या. केंद्राचे दार बंदच होते. १९६४ च्या डिसेंबरात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. त्याच्या मागण्यांत बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. पोरे कडेवर घेतलेल्या बाया तुरुंगात गेल्या. अखेर १९९० साली संसदेने आदेशात दुरुस्ती केली आणि बौद्धांचा समावेश झाला. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत ज्यांनी हाल सोसले पण फॉर्मावर खोटा धर्म लिहिला नाही, त्यांच्यामुळे आज आपण उजळ माथ्याने बौद्ध लिहू शकतो.

पण लिहितो काय? इथे थोडे कडू बोलावे लागेल. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांपैकी सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लोटणारा समुदाय पाहिला तर हा आकडा अपुरा वाटतो. पुष्कळ घरांत अजून भीती आहे की, धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाईल. ती भीती १९९० पर्यंत खरी होती. आज तिला आधार नाही. प्रगणक दारात येतो तेव्हा त्याच्याकडे धर्माचा रकाना वेगळा असतो आणि अनुसूचित जातीचा वेगळा. धर्म बौद्ध सांगा, जात जी दाखल्यावर असेल ती सांगा. आणि तो पेन्सिलीने की पेनाने, काय लिहितो, तेही बघा. नवा सून-जावई घरात आला असेल, दीक्षा घेऊन एकच वर्ष झाले असेल, तरीही. ज्याने आपले नाव स्वतः पुसले त्याचे रक्षण कोणते न्यायालय करील?

शेजारच्या गुजरातेत काय चालले आहे त्याकडेही नव्या कुटुंबांनी पाहावे. २०१६ साली उनामध्ये मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. त्यांनी आणि त्यांच्या नातलगांनी २०१८ साली बौद्ध धम्म स्वीकारला. त्या राज्यात २००३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे. नाव स्वातंत्र्याचे! ८ एप्रिल २०२४ रोजी तेथील गृहखात्याने परिपत्रक काढून कळविले की, बौद्ध हा वेगळा धर्म असल्याने हिंदू धर्मातून त्यात येणाऱ्याने आधी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. आपला धम्म वेगळा आहे हे सरकारी कागदावर आले, एवढ्यापुरते ठीक. पण माणसाने रात्री विचार करून सकाळी आपले मन बदलले, तर त्याच्यावर साहेबाची सही लागावी काय? सक्तीने, आमिषाने धर्म बदलणे वाईटच. भगवंतांनी कोणाला आमिष दाखविले नाही, उलट कालामांना स्वतः पारखून घ्या असे सांगितले. परंतु आमिषाला आवर घालण्याच्या नावाखाली विवेकालाच अर्ज करायला लावणे, हे लोकशाहीचे लक्षण नव्हे.

कायदा असून पहारा नसला म्हणजे काय होते, ते भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीने दाखविले. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावाने ठार मारले. ॲट्रॉसिटीचा कायदा तेव्हा पुस्तकात होता, १९८९ चाच. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना खुनाबद्दल दोषी धरले. पण ॲट्रॉसिटीचे कलम लागू झाले नाही. जातीचा प्रश्नच नव्हता, असे ठरले. मग २० मार्च २०१८ रोजी, चवदार तळ्याच्या दिवशीच योगायोगाने, सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याखालच्या अटकेवर आणि गुन्हा नोंदविण्यावर बंधने घातली. २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले, काहींचे प्राण गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, पुढच्या वर्षी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. न्यायालयाचा अवमान न करता, सनदशीर मार्गाने, लोकांनी हे करून घेतले. लोक घरात बसून राहिले असते तर?

आता वज्जींची राहिलेली गोष्ट सांगतो. ती सुत्तात नाही, अट्ठकथेत आहे. भगवंतांचे बोलणे ऐकून वस्सकाराने नेमका उलटा धडा घेतला. युद्धाने वज्जी जिंकले जायचे नाहीत. त्यांच्यात फूट पाडली तरच जिंकले जातील. त्याने राजाशी भांडण झाल्याचे सोंग केले आणि तो वैशालीत आश्रयाला गेला. हुशार माणूस, म्हणून वज्जींनी त्याला ठेवून घेतले. तो एकाला बाजूला घ्यायचा, कानाशी लागायचा आणि क्षुल्लक काहीतरी विचारायचा. दुसरा त्याला विचारी, काय म्हणाले? पहिला खरे ते सांगे, काही नाही, शेताबद्दल विचारीत होते. दुसऱ्याला ते खोटे वाटे. मग एकाला सांगायचे की तो तुला भित्रा म्हणतो, दुसऱ्याला सांगायचे की तो तुला दरिद्री म्हणतो. तीन वर्षे गेली. दोघे एका वाटेने जाईनात. वस्सकाराने सभेचा नगारा वाजवून पाहिला. जे धनी असतील ते जमोत, जे शूर असतील ते जमोत, आम्ही कोण, असे म्हणत कोणीच आले नाही. तेव्हा त्याने राजाला निरोप धाडला. मगधाचे सैन्य आले तेव्हा पुन्हा नगारा वाजला. वेशीची दारेसुद्धा लावायला कोणी उठले नाही.

ही गोष्ट ऐकून पराक्रमी शत्रूचा राग येत असेल, तर गोष्ट नीट ऐकली नाही. आपल्या वस्त्यांकडे पाहा. एकाच वस्तीत जयंतीच्या दोन समित्या, दोन वर्गण्या, दोन मिरवणुका, आणि एकीचे डीजे दुसरीपेक्षा मोठे. बाबासाहेबांनी ज्या रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली, त्याचे किती गट झाले हे मोजायला आता बोटे पुरत नाहीत. निवडणुकीच्या आदल्या रात्री कोण कोणाच्या कानाशी लागतो आणि पाकिटे कोठून येतात, हे वस्तीतल्या पोरालाही कळते. पाचशे रुपयांना मत विकणारा त्या दिवशी अनुच्छेद ३२ ही विकतो. फक्त पावती घेत नाही.

आणि पहारा घराबाहेरच द्यायचा काय? बावीस प्रतिज्ञांपैकी नववी सर्व माणसे समान मानण्याची आहे आणि दहावी समता स्थापन करण्यासाठी झटण्याची. मानणे निराळे, झटणे निराळे, म्हणून दोन प्रतिज्ञा झाल्या असाव्यात, असे मला वाटते. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. आम्हा शाक्यांना मोठा अभिमान आहे, तेव्हा याला आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला याच्या पाया पडावे लागेल, असे त्यांनीच भगवंतांना विनविले. आपण बौद्ध झालो, पण मातंगाच्या, ढोराच्या घरी सोयरीक म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते की नाही? सुनेला ग्रामसभेला जाऊ देतो की नाही? मुलगी दहावी झाली की पुढच्या शिक्षणाआधी स्थळाची चौकशी होते की नाही? हक्काचे रक्षण शेवटी समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीने होते, निव्वळ कायद्याने नाही, असे बाबासाहेबांनी १९४३ साली न्यायमूर्ती रानड्यांवरील व्याख्यानात सांगून ठेवले. ती बुद्धी दुसऱ्यांच्या समाजात नाही म्हणून आपण तक्रार करतो. ती आपल्या ओसरीवर आहे काय, हेही पाहावे लागेल.

काम काय करावयाचे, असे आता विचाराल. फिर्याद देताना ती वाचून पाहा, प्रत मागा. प्रत फुकट मिळते. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. आणि एक काम विहाराने अंगावर घ्यावे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. ती तीन महिन्यांतून निदान एकदा भरली पाहिजे. राज्याची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते. ती जानेवारीत आणि जुलैत भरली पाहिजे. वज्जी वारंवार जमतात काय, असे भगवंतांनी विचारले होते. आपण निदान एवढे विचारू शकतो की आपल्या जिल्ह्याची समिती शेवटची कोणत्या तारखेला जमली. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर चालतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर, पांगण्याआधी, हा अर्ज सर्वांसमक्ष वाचावा, त्यावर एका उपासकाची आणि एका उपासिकेची सही घ्यावी, आणि सोमवारी तो कचेरीत नेऊन पोच घ्यावी. उत्तर आले की तेही विहारात वाचावे.